पाठवल्या एक्केचाळीस

शनिवारी सुवर्णाच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने परत जात नसे. तो तिचा नेम होता, लग्नाआधीपासूनचा. सोमवारी महादेवाला बेल, गुरुवारी दत्ताची पोथी आणि शनिवारी मारुतीला तेल नि रुईची माळ. शनिवारी दारात येऊन जो जे मागेल ते घरात असलं तर नाही म्हणायचं नाही, आणि तोंडातून खोटं काढायचं नाही. सातपूरच्या अशोकनगरात त्यांच्या गल्लीला हे पाठ होतं. शेजारची कुसाबाई साखर संपली तरी शनिवारपर्यंत थांबायची.

"तुझ्या मारुतीचं लय भलं होवो," वाटी पुढे करत ती म्हणायची. "सोमवारी आले असते तर तू चमचाभर दिली असतीस."

"सोमवारी कधी येऊन बघितलंत, मावशी?" सुवर्णा म्हणायची. तिचा आवाज इतका हलका की समोरच्याला थोडं वाकूनच ऐकावं लागे.

कारखान्यांना सुट्टीही शनिवारीच. तिचा नवरा हिरामण पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीला होता. पत्रा दाबणाऱ्या प्रेसची पॅनेलं, कॉम्प्युटर, भट्टीचं घड्याळ, सगळ्यांना पासवर्ड. असे एक्केचाळीस पासवर्ड त्याने एका डिजिटल डायरीत ठेवले होते. तळहाताएवढं काळं यंत्र, रबराची बटणं, करड्या काचेवर दोन-तीन ओळी. आत एक गुप्त कप्पा. ठरलेला शब्द टाकल्याशिवाय तो उघडत नसे. डायरी कारखान्याची होती. पण हिरामण धोका पत्करणारा माणूस नव्हता. त्याने तसलीच दुसरी डायरी स्वतः विकत घेऊन सुवर्णाला दिली. तिने तीत एकादश्या, प्रदोष, संकष्ट्यांच्या तारखा भरल्या. आणि दर शनिवारी ती मारुतीहून परतली की हिरामण दोन्ही डायऱ्या वायरीने जोडून आपले पासवर्ड तिच्या डायरीच्या गुप्त कप्प्यात उतरवून ठेवी.

"घेणारा आधी तयार ठेवायचा, मग देणारा," तो तिला शिकवायचा. "आणि ह्यात सेल दोन. एक बदलताना दुसरा काढायचा नाही. दोन्ही एकदम काढले की संपलं, सगळं पुसलं. घरात एक तरी माणूस जागं पाहिजे, तसं."

तिच्या डायरीच्या गुप्त कप्प्याला त्याने शब्द ठेवला होता तिचंच नाव. लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतलं होतं, त्यानंतर बारा वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं ऐकलं का' एवढंच. सासूला ती सूनबाई, गल्लीला वहिनी, कुसाबाईला नुसती बाई. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. सुवर्णा हे नाव त्या करड्या काचेवरच काय ते उमटायचं.

"कोणाला सुचणारच नाही," हिरामण हसून म्हणाला होता. "कोणाला माहीतच नाही ना."

१२ जुलै १९९८, रविवार. हिरामणची दुसरी पाळी होती. सकाळी नऊ चाळीसला फोन वाजला. सुवर्णा स्वयंपाकघरात होती. हिरामणने डायरी उघडल्याचा टिक टिक आवाज तिला आला, मग त्याचं बोलणं.

"हो साहेब. सांगतो, लिहून घ्या." त्याने प्रेसची सेफ्टी बंद करायचा आपला नंबर सांगितला. "कामापुरतीच बंद करा, साहेब. लगेच चालू करा."

रिसीव्हरमधून बाहेर सांडलेला खंडेरावचा आवाजही तिने ऐकला. "हो, हो."

खंडेराव कारखान्याचा मॅनेजर. चांदवडचा, हिरामणच्याच गावचा, घरी येऊन जेवून गेलेला. प्रेसची सेफ्टी चालू असली की डायमध्ये, म्हणजे साच्यात, हात असताना प्रेस खाली येत नाही. पण कामही सावकाश होतं. त्या रविवारी माल निघायचा होता.

दुपारी साडेतीनला हिरामण डायमध्ये वाकला. सेफ्टी बंदच होती.

चौकशी झाली. सेफ्टी कोणत्या नंबराने बंद झाली तेवढंच पॅनेल दाखवतं, किती वाजता ते नाही. नंबर हिरामणचा होता. सुवर्णाने तिच्या त्या हलक्या आवाजात फोनचं सांगितलं. साहेब लोक दोनदा म्हणाले, "जरा मोठ्याने बोला, बाई." खंडेराव म्हणाला, मी फोन केलाच नाही. कागदावर लिहिलं गेलं : मयत स्वतःच्या चुकीने मरण पावला.

ते पाच शब्द सुवर्णाच्या घशात अडकले ते अडकलेच. ज्याने सेल बदलताना कधी घाई केली नाही, तो स्वतःच्या चुकीने! तिला दुसरं काही नको होतं. खंडेरावने एका ओळीत लिहून द्यावं, 'फोन मी केला होता.' बस.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. अधिकातल्या एका शनिवारी सकाळी ती अनारसे तळत असताना खंडेराव दारात उभा राहिला. हातात हिरामणची डायरी.

"वहिनी, येऊ का?"

"या भाऊजी. बसा."

तो बसला. अनारसा घेतला, अर्धा खाल्ला. इकडचं तिकडचं बोलला. मग डायरी पुढे ठेवली. सेल उतरले होते. वर्कशॉपमध्ये कोणीतरी दोन्ही एकदम काढले, आणि सगळे पासवर्ड पुसले गेले. तीन प्रेस बंद पडून होत्या.

"तुमच्याकडे दुसरी आहे. हिरामण दर शनिवारी उतरवून ठेवायचा, मला सांगायचा तो."

"आणि आज शनिवार आहे," सुवर्णा म्हणाली.

खंडेरावने नजर चुकवली. "तसं नाही हो वहिनी. मोकळा वार म्हणून आलो."

"मीही एक मागते, भाऊजी. त्या दिवशी फोन तुम्ही केला होता. तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ? नोकरी जाईल, वर आत बसावं लागेल. मला पोरं आहेत." तो पुटपुटला. मग सावरून म्हणाला, "आणि गेलेलं माणूस परत येतं का?"

"माणूस नाही येत," सुवर्णा म्हणाली. "पासवर्ड येतात."

तिने कढई खाली उतरवली, हात धुतले. मागितलं होतं आणि घरात होतं. नाही म्हणता येत नव्हतं. तिने आधी हिरामणची डायरी घ्यायला तयार ठेवली, वायर लावली, आणि पाठ फिरवून स्वतःच्या डायरीत आपलं नाव टाकलं. दोन्ही काचा चमकल्या. एका काचेवरून काळी रेघ हळूहळू सरकत गेली, दुसरीवर तशीच उमटत आली.

तिच्या काचेवर आलं : पाठवल्या ४१.

त्याच्या काचेवर आलं : आल्या ४२.

"एक जास्त कशी?" खंडेराव बटणं दाबत शेवटच्या नोंदीवर गेला. इंग्रजी अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव होतं. त्यापुढे नंबर : ०९४०.

बाहेर सायकलवरून भाजीवाला ओरडत गेला. खंडेरावच्या मिशीवर अनारशाची खसखस तशीच चिकटली होती.

"तुम्ही टाकलंत हे, वहिनी?"

"माझ्यात एक्केचाळीसच आहेत. बघा."

त्याने मोजल्या. खरंच एक्केचाळीस. तो उसनं हसला. "ते वाय टू के म्हणतात ना, दोन हजार साली सगळी यंत्रं बिघडणार म्हणून. ह्याला आत्ताच लागलेलं दिसतंय." त्याने ती नोंद पुसली आणि स्कूटरला किक मारून गेला.

सुवर्णा कढईकडे वळली. तिला भीती वाटायला हवी होती. तूप पुन्हा तापलं, तिने अनारसा सोडला, तो जाळीदार फुलला. तिच्या ध्यानात आलं की आपण कितीतरी महिन्यांनी काहीतरी गुणगुणतोय.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. तोंड उतरलेलं.

"डायरी परत पुसली गेली. सेल नवे आहेत, मी हातही लावला नव्हता."

"कागदावर उतरवून घ्यायचे होते, भाऊजी."

खंडेरावने खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे टाकला. "उतरवले होते. डायरी समोर ठेवून, एकेक बघून. नंतर पॅनेलवर टाकायला गेलो तेव्हा वाचलं."

कागदावर एक्केचाळीस मशिनांची नावं होती, ओळीने. प्रत्येकापुढे खंडेरावच्याच वळणदार अक्षरात ०९४० लिहिलं होतं. शेवटच्या काही ओळींत पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

सुवर्णाने कागदाची होती तशी घडी घालून परत दिली.

"लिहून देता का, भाऊजी?"

"वहिनी, पाया पडतो, तेवढं सोडून काहीही मागा."

तिने वायर लावली. पाठवल्या ४१. आल्या ४२. बेचाळिसाव्या नोंदीत त्याचं नाव, तोच नंबर, आणि ह्या वेळी पत्त्याच्या जागी एक शब्द : वर्षाने.

खंडेरावने नोंद पुसली. पुन्हा बघितलं तर ती होती. पुन्हा पुसली. होती. मग त्याने डायरी खिशात घातली आणि खिसा दाबून धरत, आत काहीतरी जिवंत असावं तसा, बाहेर पडला. त्यानंतर तो मधल्या शनिवारांना आला नाही. वर्षाने म्हणजे काय, ते त्याला कोणी सांगायला नको होतं.

१२ जुलै सोमवारी आला. पाऊस लागलेला. खंडेराव त्या दिवशी कामावर गेला नाही, असं कुसाबाईच्या भाच्याकडून कळलं. "साहेब म्हनं खाटंवरून खालीबी उतरले नाय," कुसाबाई म्हणाली. "काय झालंय काय त्याला?"

"बरं नसेल," सुवर्णा म्हणाली.

त्या शनिवारी तो दारात आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. डायरी पुन्हा कोरी होती, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

"घ्या वहिनी, तोंड गोड करा. वर्ष झालं. आता हिरामणलाही शांती, आपल्यालाही. मी काय काय मनात घेऊन बसलो होतो! बारा तारीख गेली, काही झालं नाही."

सुवर्णाने पेढा घेतला नाही. शनिवारी एकभुक्त असायची ती.

"वर्ष कुठे झालं, भाऊजी?"

"म्हणजे?"

"यंदा अधिक आला होता ना. त्यांची तिथी आषाढ वद्य तृतीया. ती एकतीसला पडते." तिने तिच्या डायरीत उघडून दाखवलं, एकादशी आणि संकष्टीच्या मधोमध ती तारीख होती. "मेलेल्यांना तारीख कुठे कळते? त्यांचं सगळं तिथीवर."

खंडेरावचा हात पुड्यावर होता तिथेच राहिला. चौथाईसुद्धा न खाल्लेला पेढा त्याच्या दुसऱ्या हातातून सतरंजीवर पडला.

"शेवटचं विचारते," ती म्हणाली. "एक ओळ."

त्याने पुडा बाजूला सरकवला. ओठ हलले. सुवर्णा पुढे वाकली. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकायला तिला वाकावं लागत होतं.

"नाही जमणार, वहिनी," तो म्हणाला.

त्याने मागितलं नव्हतं तरी तिने पासवर्ड उतरवून दिले. मग संध्याकाळी ती मारुतीला गेली. वर्षभर ती तेल घालताना त्यांना शांती दे म्हणायची. त्या दिवशी ती काही म्हणाली नाही. तेलाची धार संपेपर्यंत मूर्तीच्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि देवाला कळायचं ते कळलं असावं.

एकतीस जुलै, शनिवार. श्राद्ध.

सकाळपासून तिने खीर केली, वड्यांचं पीठ भिजवलं, कारल्याची भाजी केली. गुरुजी साडेनऊला येणार होते. आले नाहीत. पिठाच्या हाताने तिने रिसीव्हर उचलला आणि गुरुजींचा नंबर फिरवला.

एकच रिंग वाजली.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. खंडेरावचा.

तिने गुरुजींचाच नंबर फिरवला होता. खंडेरावचा नंबर तिला पाठही नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

रिसीव्हर ठेवता आला असता. तिने ठेवला नाही.

"खंडेराव," ती म्हणाली. त्याला नावाने हाक तिने कधी मारली नव्हती. "प्रेसची सेफ्टी बंद करायचा नंबर सांग."

पलीकडे रबराची बटणं. टिक. टिक. टिक.

"हो साहेब," खंडेराव म्हणाला. आवाज साधा, आज्ञाधारक. "सांगतो, लिहून घ्या. शून्य, नऊ, चाळीस."

"बरं."

"कामापुरतीच बंद करा, साहेब. लगेच चालू करा."

"हो, हो," सुवर्णा म्हणाली.

तिने रिसीव्हर ठेवला. काळ्या प्लास्टिकवर पिठाची पाच बोटं उमटली होती. ती तिने पदराने पुसली. पावणेदहाला गुरुजी आले, म्हणाले, "माफ करा वहिनी, छत्री विसरलो म्हणून परत फिरलो." तिने पाट मांडला.

संध्याकाळी कुसाबाई धावत आली. सुट्टी असूनही खंडेराव दुपारी कारखान्यात गेला होता, सोमवारच्या मालासाठी डाय बसवायला. वॉचमन बारकूने शपथेवर सांगितलं, साहेब पॅनेलजवळ गेलेच नाहीत, सरळ प्रेसकडे गेले. साडेतीनला तो वाकला.

"सेफ्टी बंद व्हती म्हनं," कुसाबाई धापा टाकत म्हणाली. "आन् नंबर त्येचाच निघाला."

सुवर्णाने दोन्ही हात जोडले. कुसाबाईला वाटलं, मेलेल्यासाठी.

त्या रात्री तिला वर्षात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

श्रावण सुरू झाला. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ती तेल घालून परतली, तर ओट्यावर एक बाई बसलेली. कपाळ मोकळं, हातात प्लास्टिकची पिशवी.

"मी मोहिनी," ती म्हणाली. "खंडेरावांची."

सुवर्णाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. मोहिनीने पाणी हातातच धरलं.

"वहिनी, चौकशीवाले म्हणतात स्वतःच्या चुकीने गेले." तिने पाणी खाली ठेवलं. "असं कसं लिहितात हो? त्या दिवशी फोन आला होता. नऊ चाळीसला. मी भाकरी थापत होते, मी माझ्या कानाने ऐकलं. हे 'हो साहेब, हो साहेब' करत होते. डायरी उघडून नंबर सांगितला यांनी. आणि मोठे साहेब तर म्हणतात आम्ही केलाच नाही. माझं कोणी ऐकून घेत नाही."

सुवर्णा ऐकत होती. समोर ती स्वतःच बसली होती, एक वर्षापूर्वीची.

मोहिनीने पिशवीतून काळी डायरी काढली.

"ही पुन्हा पुसली गेलीये. हे मला सांगायचे, वहिनींकडून भरून आणली की हिच्यात एक नाव जास्तीचं येतं. ज्याने केलं त्याचं." तिने पदर पसरला. "मला दुसरं काही नको. त्या दिवशी फोन कोणी केला, तेवढं एक नाव द्या."

सेल उतरलेत म्हणता आलं असतं. वायर हरवली म्हणता आलं असतं. वायर देव्हाऱ्याच्या खणात, समोरच दिसत होती.

सुवर्णाने घेणारी तयार ठेवली. मग देणारी. पाठ फिरवून तिने शब्द टाकला. एक अक्षर चुकलं, पुन्हा टाकलं.

पाठवल्या ४१.

मोहिनी दुसऱ्या काचेवर वाकली होती. "बेचाळीस," ती म्हणाली. "आलं, वहिनी, आलं!" इंग्रजी अक्षरं ती बोट ठेवून, पहिलीच्या मुलीसारखी जुळवत वाचू लागली.

"सु... व... सुवर्णा. शून्य, नऊ, चाळीस." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आणि खाली लिहिलंय, वर्षाने."

तिने मान वर केली. डोळ्यांत नुसती आशा होती.

"वहिनी, ही सुवर्णा कोण हो?"

देव्हाऱ्यातल्या समईची वात तडतडली. बाहेर मारुतीच्या देवळात कोणीतरी घंटा वाजवली.

शनिवार होता.